पाहुणीचं पाणी
बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड हा माझ्या पीएचडीचा विषय. मुखेडजवळच्या त्या वाडीत लेकरांचे दात पिवळे, म्हाताऱ्यांचे पाय वाकडे, आणि गावकऱ्यांनी भरून दिलेल्या बाटल्यांत फ्लोराइड नावालाही नाही! सर म्हणाले, "मनतशा, गाव बदल." मी कशाला बदलते? पुन्हा मुखेडची एसटी धरली.

वाडीतल्या चतुराबाईंच्या हातात रिकामी बाटली दिली आणि या वेळी त्यांच्या मागोमाग आत गेले. त्या विकतच्या जारमधून बाटली भरत होत्या.

"मावशी, हे काय?"

"मग? पाहुण्याला बोअरचं पाणी द्यावं व्हय, बाई?"

म्हणजे सगळ्या वाडीनं माझा पाहुणचारच केला होता.

मी बाटली परत जारमध्ये ओतली.

"मावशी, आजपासून मी पाहुणी न्हाई. लेकरांना पाजता तेच द्या."