रेनकोट घातलेली मातीची भिंत

मित्रांनो, भिंतीने गप्प उभं राहावं असा रिवाज आहे. मला तो जमत नाही. मी एक जुनी मातीची भिंत आहे, रोमानियातल्या एका खेड्यातल्या वाचनालयाची. चिकणमाती, गव्हाचा भुसा आणि घोड्याची लीद अनवाणी पायांनी तुडवून गावाने मला उभं केलं. तुडवणाऱ्यांत वेतुरिया होती, तेव्हा विशीतली. दरवर्षी ईस्टरच्या आधी ती मला चुना लावायला येई. तिचा हात अंगावरून फिरला की मला बरं वाटे.

एका उन्हाळ्यात डोरिन मास्तरांनी माझ्यावर चित्र करायचं ठरवलं, घराघरांतल्या फुटक्या कपबश्यांच्या तुकड्यांचं. सगळा गाव लोटला. वेतुरियाआजीने मात्र अख्खी थाळी आणली. लाल मातीची, कोंबडा रंगवलेली. तिचा नवरा आक्सिन्ते कुंभार होता. ही त्याच्या भट्टीतली शेवटची थाळी.

"फोडलीस तर याद राख," ती डोरिनला म्हणाली.

थाळी मधोमध बसली. पण सगळं चिकटवलं सिमेंटने!

लोक फोटो काढत, वाहवा करत. मी मात्र आतून बेचैन. मातीने पाणी प्यायलं तर तिला ते परत सोडता आलं पाहिजे. सिमेंटने माझं तोंडच बांधलं. हिवाळाभर ओल आत साचली, गोठली, पायथ्याची माती सुटू लागली. ओरडावंसं वाटे, पण भिंतीचं ऐकतं कोण?

ईस्टरच्या आधी आजी बाकीच्या भिंतींना चुना लावायला आली. जाता जाता तिने माझ्या कडेला तळवा टेकवला.

"डोरिन! अरे, ही ओलीचिंब झालीय. सिमेंट लावलंस?"

"पक्कं बसतं ना, आजी."

"रेनकोट घालून झोपतोस का रे तू? उकरा सगळं, नाहीतर पडेल ही."

"आमच्या घरचे तुकडे आहेत त्यात," शेजारीण फ्लोआरिया फणकारली. "एवढंच आहे तर आधी तुझी थाळी काढ!"

आजी थबकली. माझा जीव टांगणीला लागला. ती मागे फिरली असती तरी मी तिला दोष दिला नसता. मग तिने छिन्नी मागितली. थाळी काही केल्या सुटेना. आजीने डोळे मिटून घाव घातला आणि कोंबड्याचा चुरा झाला. थोड्या वेळाने फ्लोआरियाने गुपचूप हातोडी उचलली.

चिनी मातीचे तुकडे बरेचसे शाबूत निघाले. थाळीचा चुरा आजीने खलात कुटला आणि चुन्यात कालवला.

"आक्सिन्ते म्हणायचा, भाजलेल्या मातीची भुकटी घातली की चुना घट्ट धरतो, आणि भिंतीचा श्वासही कोंडत नाही."

मी उन्हाळाभर वाळले. मग त्याच लालसर चुन्यात गावाचे तुकडे पुन्हा बसले.

मित्रांनो, आम्हाला नटवायला जरूर या. पण आधी अंगाला तळवा टेकवून बघा, आम्हाला काय सोसतं ते.

आजी अजून येते. माझ्यावर हात ठेवते आणि हळूच म्हणते, "आक्सिन्ते, नीट धर हं सगळ्यांना."