अडकणारं चित्र

त्याने लॅपटॉपवर व्हिडिओ कॉलचं नाव उचलून दुसऱ्या यादीत टाकलं. ऑफिसमार्गे जाणाऱ्या पहिल्या यादीत आता दोनच नावं उरली, ऑफिसची मेल आणि पुलांची ड्रॉइंग उघडणारा प्रोग्रॅम.

फोनवर मास्तर होते. ऑफिसचं नेटवर्क सांभाळणाऱ्या या माणसाला सगळे मास्तरच म्हणत, कारण साधी गोष्टही ते फळ्यावर लिहिल्यासारखी समजावत. घरून काम करायचं तर ऑफिसच्या व्हीपीएनमधून, म्हणजे ऑफिसमार्गे जाणाऱ्या बंद वाटेने, एवढा नियम त्याने ऐकला आणि वर्षभर लॅपटॉपवरचं सगळंच त्या वाटेने पाठवत राहिला. गावी असलेल्या वडिलांशी, अण्णांशी, रोजचा कॉलसुद्धा.

“अरे, शेजारी निरोप द्यायचा तर तू आधी परगावी जाऊन शिक्का मारून आणतोस,” मास्तर म्हणाले. “ऑफिसचं तेवढं आतून जाऊ दे. घरचं सरळ जाऊ दे.”

त्याने बटण दाबलं आणि मास्तरांचे आभार मानले.

त्या लांबच्या वाटेमुळे इतके दिवस अण्णा त्याला अडकत, चौकड्या-चौकड्यांतच दिसत. घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, असं ताई दोन महिने सांगत होती. पण कॉल संपताना अण्णांचा हात वर येई आणि अडखळत हले. त्या हाताच्या भरवशावर त्याने गावी जाणं दोनदा पुढे ढकललं होतं. हात हलतोय म्हणजे माणूस ठीक आहे, ही त्याची समजूत. खरं सांगायचं तर ती सोयीची होती, आणि हे त्यालाही कळत होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्याने कॉल लावला. चित्र लख्ख आलं. स्टुलावर औषधाच्या बाटल्या होत्या, ताईचे केस कानांपाशी पांढरे झाले होते. अण्णांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि डोळे छताला लागले होते.

ताईने रोजचंच सांगितलं. पेज घेतली, झोप लागली, सकाळी तुझी आठवण काढली. तो हूं हूं करत राहिला. मग ती उशीकडे वाकली.

“अण्णा, धाकट्याला टाटा करा बरं.”

हात वर आला. मनगटाखाली ताईची बोटं होती. तिने दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला होता आणि ती तो हात सावकाश, सवयीने, इकडून तिकडे हलवत होती. बोटं मात्र मिटलेलीच होती.

रोजच्यासारखा आपलाही हात वर करायचं त्याला सुचलं नाही. ताई थांबली. अण्णांचा हात तसाच अधांतरी धरून तिने पडद्याकडे निरखून पाहिलं.

“आज नीट दिसतंय का रे तुला?”

ती किती दमली होती, तेही त्याला आजच दिसलं.

“छे गं,” तो म्हणाला. “तसंच अडकतंय.”

“बरं,” ताई म्हणाली. तिचा चेहरा सैलावला, आणि तिने तो हात पुन्हा हलवायला घेतला.

त्यानेही हात हलवला, बराच वेळ. दुसऱ्या हाताने तो फोनवर आजच्या गाडीचं तिकीट शोधत होता.