फ्रिजच्या नंतरचं

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण घास गोड लागेना.

माझे बाबा नौदलात होते. सुरुंग शोधणाऱ्या जहाजावर. पाण्यात आवाज सोडायचा, तळावरून परत येईल तो कानाला हेडफोन लावून ऐकायचा आणि सांगायचं, दगड की सुरुंग. एकदा त्यांनी हात वर केला. सुरुंग! जहाज थांबलं. पाणबुड्या खाली गेला. तळाला कुणीतरी टाकलेला जुना फ्रिज. तेव्हापासून बाबांचं नावच फ्रिज.

हा किस्सा बाबांनी स्वतःच हसत हसत घरी सांगितलेला. मी काम करतो त्या अख्ख्या गॅरेजभर मी तो केला. माझा तिथला दोस्त तर रोज विचारतो, "काय, फ्रिजकाका थंड ना?"

गेल्या रविवारी ते जहाज भंगारात जायच्या आधी जुन्या लोकांना बघायला बोलावलं होतं. बाबा नको नको म्हणत होते. आईने मला दामटलं, "ने रे त्यांना. वरवर नको म्हणतायत."

जहाजाच्या शिडीपाशी बाबा थांबले. घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, बक्कलवाला पट्टा काढला आणि सगळं माझ्या हातात दिलं. लोखंडाची चाहूल लागली की सुरुंग फुटतो, म्हणून ते जहाजसुद्धा फायबरचं. वर लोखंड न्यायचं नाही, ही तेव्हाची सवय. एका हाताने पँट धरून उभे राहिले.

मी मोठ्याने म्हणालो, "अहो बाबा, भंगारात चाललंय ते! आता काय फुटणार, तुमचा फ्रिज?"

शिडीवरचे तरुण खलाशी फिस्सकन हसले. मग मला चेवच आला. अख्खा किस्सा नक्कल करून सांगितला. बाबाही हसले. पँट धरून.

"झाला सांगून?" मागून एक म्हातारा म्हणाला. त्याच्याही हातात पट्टा होता. "अर्धाच सांगितलास. खाली गेलेला पाणबुड्या मी."

"जाऊ दे ना रे," बाबा म्हणाले.

"तू गप. पोरा, महिन्याभराने याने परत हात वर केला. सगळे खो खो हसले. कप्तान म्हणाला, पुन्हा फ्रिज का? हा म्हणाला, असेलही साहेब, पण बघून या. मी याला शिव्या घालत उतरलो. फ्रिज नव्हता. लाजून याने हात खाली ठेवला असता ना, तर आज ही शिडी चढायला कोण उरलं असतं?"

कुणी हसलं नाही. दोघं म्हातारे एका हाताने पँट सावरत वर गेले. मी गेलोच नाही. घड्याळ, किल्ल्या, पट्टा धरून खालीच उभा राहिलो.

घरी येताना विचारलं, "बाबा, हे कधी सांगितलं नाहीत?"

"त्यात हसण्यासारखं काय होतं?"

सकाळी दोस्ताचा फोन. "काय, फ्रिजकाका थंड ना?"

म्हटलं, "आज डबा खाताना सगळ्यांना बसव. तो किस्सा पुढे आहे. आणि शिडीपाशी मी काय बोललो तेही सांगणार आहे. शब्द देतो, अर्ध्यावर थांबणार नाही."