माझ्या उजव्या रकान्यातला उस्मान

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला मात्र नव्हे. शाळेचं तोंडसुद्धा मी कधी पाहिलेलं नाही. कुवेतमधल्या मंगफ नावाच्या वस्तीत, एका चारमजली इमारतीच्या तळमजल्यावर हारिस राहतो, म्हणजे आपला राखणदार. त्याच्या खोलीत सध्या मी भिंतीला टेकून उभा आहे. लपाछपी खेळताना तुम्ही माझ्यामागे दडता. वरून तुमच्या आया मराठीत हाका मारतात आणि तुम्ही इंग्रजीत उत्तरं देता, त्यामुळे माझं बोलणं तुम्हाला कितपत कळेल कोण जाणे. पण एक गोष्ट गेली सहा वर्षं माझ्या डोक्यात घोळते आहे, ती कुणाला तरी सांगायलाच हवी. मला ती पुरती उमगली आहे, असं मात्र समजू नका.

माझा जन्मच गोंधळात झाला. जपानहून यंत्र घेऊन आलेल्या एका खोक्याची मी एक बाजू होतो. खोकं फुटलं आणि मी अम्गरा इथल्या भंगारबाजारात येऊन पडलो. सन सत्त्याहत्तरमध्ये दिनकर आणि कासमभाई यांनी मला तिथून उचललं. दिनकर पुण्याचा, इस्पितळात एक्स-रे काढणारा. कासमभाई रत्नागिरीकडचे, बाजारात कापडाचं दुकान असलेले. दोघांनी मला काळा रंग फासला तो नेमका चकचकीत निघाला, खडू नुसता घसरायचा. मग दिनकरची बायको शामला हिने मला काचकागदाने घासघास घासलं आणि दुसरा रंग दिला. ती परिचारिका होती, हाताला जोर होता. एवढं होऊन त्यांनी मला आडवं टांगलं. माझ्या पाठीवर 'ही बाजू वर' असं सांगणारा बाण छापलेला होता, तो कायमचा डावीकडे बघत राहिला. तेव्हापासून वर कुठे आणि खाली कुठे, याबद्दल मी कधीच छातीठोक बोललो नाही.

याच इमारतीत वर, दिनकरच्या दिवाणखान्यात माझं काम वर्षातून एकदाच खरं महत्त्वाचं असे. आपल्या लोकांच्या फुटबॉलचे चार संघ होते. इस्पितळवाले एकीकडे, कोकणवाले दुसरीकडे, असं होऊन भांडणं लागू नयेत म्हणून दर जानेवारीत सगळे खेळाडू एकत्र करून नव्याने वाटून घेत. याला सगळे 'वाटणी' म्हणत. शुक्रवारी जेवणं आटोपली की चार कप्तान, म्हणजे दिनकर, कासमभाई, जगन्नाथ आणि आणखी एकजण, माझ्यासमोर बसत. शामला माझ्यावर दोन रकाने आखी. डावीकडे 'भक्कम', उजवीकडे 'कच्चं'. एकेका खेळाडूचं नाव निघे, कप्तान त्याच्याबद्दल बोलत, आणि शामला ते आपल्या टपोऱ्या अक्षरात उतरवून घेई. सगळ्यांबद्दल बोलून झालं की कप्तान पाळीपाळीने एकेक नाव उचलत. खेळाडूंना मात्र त्या दिवशी तिथे यायला बंदी होती. तोंडावर कोण कुणाला नावं ठेवणार?

आता माझा गोंधळ सांगतो. मला वाटायचं, ज्याचा डावा रकाना भरलेला त्याला आधी उचलतील. साधी गोष्ट आहे, नाही का? पण व्हायचं भलतंच. एकदा दिनकरने एका धिप्पाड गड्याचं इतकं कौतुक केलं की डावा रकाना पुरेना. "पहाड आहे पहाड! त्याला ओलांडून जाईल कोण?" आणि दिनकरची पाळी आली तेव्हा त्याने दुसऱ्यालाच उचललं. तो पहाड गेला जगन्नाथच्या संघात. पहिल्याच सामन्यात कळलं, की चेंडू सोडून बाकी सगळं तो अडवतो. दिनकर महिनाभर गालातल्या गालात हसत होता. मला काही कळेना. माझ्या अंगावर लिहिलेलं खरं, की त्यांच्या मनातलं?

ब्याऐंशी सालची वाटणी आली. कुवेतचा संघ विश्वचषकासाठी पात्र ठरला होता, त्यामुळे आमच्या माणसांनाही भलतंच स्फुरण चढलं होतं. वाटणीत उस्मानचं नाव निघालं. हा श्रीवर्धनचा. एका बांधकाम कंपनीत उंच परांच्या बांधायचा आणि मैदानात उजव्या कडेने असा पळायचा, की पाठलाग करणारे मध्येच कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. त्याच कंपनीत जगन्नाथ सुपरवायझर होता.

"भक्कम काय लिहू?" शामलाने विचारलं.

"पळतो," जगन्नाथ म्हणाला.

"पळत होता," कासमभाई म्हणाले. "आता कसला पळतो? दम राहिला नाही पोराच्या छातीत. दुसऱ्या हाफात खोकतो, मी कानाने ऐकला."

दिनकरने भुवया वर केल्या. "अहो, गेल्या वर्षी शेवटच्या मिनिटाला गोल केला की त्याने!"

"केला. आणि मग वाळूत बसून राहिला. तुम्ही नाचत होता, मी बघत होतो. माझा काय, तुम्हाला हवा तर घ्या. लिहा वहिनी, छाती कच्ची."

शामलाने लिहिलं. 'दम लागतो. खोकतो. छाती कच्ची.' माझ्या उजव्या रकान्यात. नावं उचलायची वेळ आली तेव्हा बाकीच्या तिन्ही कप्तानांनी उस्मानला सोडून दिलं. पाचव्या फेरीत कासमभाईंनी मोठा उसासा टाकला आणि म्हणाले, "चला, कोणी घेत नाही तर राहू द्या माझ्याकडे, आपला माणूस आहे." आणि दारातून बाहेर पडताना त्यांनी शीळ घातली. छाती कच्ची असलेला माणूस पदरात पडल्यावर कुणी शीळ घालतं का? मी विचार करून थकलो.

वाटणी उतरवून घ्यायची होती म्हणून शामलाने मला आठवडाभर पुसलं नाही. पुसलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या गुरुवारी दुपारी उस्मान आपला खेळायचा सदरा न्यायला आला. शामलाने पाणी दिलं. तो पाणी न पिता माझ्यासमोर उभा राहिला आणि बोट ठेवून आपली ओळ वाचू लागला. दोनदा वाचली.

"वहिनी, हा कोणी सांगितला?"

शामलाने त्याच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. तो बसला नाही.

"सोमवारपासून मला परांचीवर चढू देत नाहीत. खाली पाइप मोजायला बसवलाय. साहेब बोलला, छातीचा माणूस उंचावरून पडला तर जबाबदारी कोणाची? इकामा पुढच्या महिन्यात संपतो, कंपनी पुढे वाढवणार नाही. मी विचारला, डॉक्टरने काही लिहिलाय काय? तर म्हणतो, तुझीच माणसं सांगतात."

मला तेव्हा सारं ध्यानात आलं. म्हणजे थोडंसं. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो गेला की माणूस विमानात. माझ्यावरची ओळ वाचून जगन्नाथला उस्मानची काळजी वाटली होती. पन्नास फुटांवर काम करणारा माणूस दम लागून खाली आला तर? त्याने शनिवारी कंपनीत सांगितलं. त्यात त्याची काय चूक? त्याने वाईट चिंतलं नव्हतं. पण चूक तर झाली होती, आणि ती माझ्या अंगावर शामलाच्या सुंदर अक्षरात लिहिलेली होती.

"खरा सांगू वहिनी?" उस्मान हळूच म्हणाला. "आता तुमचा जिना चढलो तर श्वास मोजत आलो. आणि दम लागला. आधी कधी लागत नव्हता."

शामलाचे डोळे भरून आले. मलाही लाज वाटली. लाकडाला लाज वाटते का, असं तुम्ही विचाराल. मला वाटली.

संध्याकाळी तिने कासमभाईंना बोलावून घेतलं. सगळं ऐकून ते खुर्चीत बसले ते बसलेच.

"मला तो हवा होता," ते म्हणाले. "सगळ्यात आधी तोच हवा होता. चांगला बोललो असतो तर दिनकरने पहिल्याच फेरीत उचलला असता. वाटणीत सगळेच असं बोलतात, वहिनी."

"मग कंपनीत जाऊन सांगा तसं."

"काय सांगू? मी खोटं बोललो? उद्या बाजारात ही गोष्ट फिरेल. माझ्या शब्दावर लोक डोळे मिटून ताग्यांचे तागे उचलतात."

"काय सांगायलाव, कासमभाई!" शामला मराठवाड्याची, चिडली की तिची बोली वर यायची. "अक्षर माझं, शब्द तुमचे. मी हे फडक्यानं पुसते, दोन मिनिटांचं काम आहे. पण साहेबाच्या डोक्यातलं मला पुसता येत नाही. त्या पोराच्या डोक्यातलं तर बिलकुलच नाही."

शनिवारी सकाळी कासमभाईंनी मला भिंतीवरून उतरवलं आणि वानेटमध्ये, म्हणजे मागून उघड्या असलेल्या त्यांच्या गाडीत, चढवलं. नुसतं तोंडाने सांगून साहेबाला पटलं नाही तर दाखवायला फळाच हवा, असं त्यांना वाटलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच बाहेर पडलो. ऊन, वाळू, ट्रकांची रांग. बाण पुन्हा एकदा वर आला की खाली गेला, ते समजायच्या आत आम्ही कंपनीच्या कचेरीत पोचलो.

साहेब टेबलामागे बसला होता. जगन्नाथ बाजूला उभा होता, आणि दारात उस्मान, हातात टोपी घेऊन. कासमभाईंनी मला भिंतीला टेकवलं आणि हिंदीत सगळं सांगितलं. वाटणी, पाळ्या, रकाने, शीळसुद्धा. शेवटी म्हणाले, "साहब, इसकी छाती में कुछ नहीं है। झूठ मैं बोला।"

साहेबाने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तेव्हा झूठ बोललास, की आज बोलतोयस? दोस्ताची नोकरी वाचवायला माणूस काहीही बोलतो."

मित्रांनो, हाच तर प्रश्न मला पाच वर्षं पडला होता! कासमभाईंचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. ज्या माणसाच्या शब्दावर बाजार चालायचा, त्याचा शब्द तिथे कुणी घेईना.

मग ते खाली मान घालून म्हणाले, "माझ्यावर भरवसा ठेवू नका. याला डॉक्टरकडे पाठवा. आणि कागद द्या, मी खोटं बोललो असं लिहून देतो. खाली दुकानाचा शिक्का मारतो. कोणाला दाखवायचा त्याला दाखवा."

त्यांनी लिहून दिलं. खिशातून शिक्का काढून खाली मारला. जगन्नाथही पुढे आला आणि म्हणाला, "साहेब, मी याला काही न विचारता बोललो, तेवढं माझंही लिहून घ्या." कंपनीच्या डॉक्टरने दोन दिवसांनी उस्मानला तपासलं. छाती अगदी स्वच्छ होती. तो पुन्हा परांचीवर चढला आणि त्याचा इकामाही वाढला. बाजारात कासमभाईंची थट्टा व्हायची ती झालीच. "कासमभाई, हा रंग धुतल्यावर राहील ना? लिहून देता का?" असं गिऱ्हाइकं विचारत. ते ऐकून घेत.

पण उस्मान मैदानात आला नाही. एक शुक्रवार नाही, दुसरा नाही. तिसऱ्या शुक्रवारी तो दिनकरच्या घरी आला. मी पुन्हा माझ्या खिळ्यावर होतो, धुतलेला, कोरा. चारही कप्तान बसले होते. कासमभाई उठून उभे राहिले. "उस्मान, तुला ज्याच्या संघात जायचा तिकडे जा. माझा हक्क नाही."

"मी तुमच्याकडेच खेळेन," उस्मान म्हणाला. "पण माझ्याबद्दल काय बोलायचा तो आता बोला. मी इथेच बसतो. वहिनी लिहितील."

शामलाने खडू उचलला, उस्मानचं नाव लिहिलं आणि उजव्या रकान्यापाशी हात धरून थांबली. कौतुक करायला कासमभाई एका पायावर तयार होते, पण उस्मानने विचारलं होतं ते कौतुक नव्हे. शेवटी ते म्हणाले,

"डावा पाय कच्चा आहे तुझा. चेंडू डावीकडे आला की तू उजवा पाय शोधत बसतोस."

उस्मानने मोठा श्वास घेतला, छातीभर, न मोजता.

"हां," तो म्हणाला. "हा खरा आहे."

शामलाने ते लिहिलं. त्या दिवसापासून वाटणीला खेळाडू समोर बसू लागले. वाटणी लांबायची, रुसवेफुगवे व्हायचे, आणि माझे दोन्ही रकाने पूर्वीपेक्षा लहान झाले. पुढे कामं कमी झाली, माणसं गावी परतली, दिनकर आणि शामलाही गेले आणि मी खाली हारिसच्या खोलीत आलो. माझा गोंधळ काही पुरता मिटलेला नाही. हवा असलेल्या माणसाला नावं का ठेवायची, हे मला आजही कळत नाही. तुम्हाला कळलं तर मला सांगा.

आणि मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. तुम्हीही खेळायला गडी निवडता, याला घे, त्याला नको म्हणता. तुमचं बोलणं माझ्यासारख्या कुणावर तरी उमटतं आणि आठवडाभर तसंच राहतं. तेव्हा ज्याच्याविषयी बोलायचं, त्याला आधी समोर बसवा. मग जे तोंडातून निघेल, तेवढंच लिहा.