हलक्या बाटल्या

मी एक जुनी हातमशीन आहे, मित्रांनो. बाटलीच्या तोंडावर पत्र्याचं झाकण ठेवायचं, माझा दांडा खाली ओढायचा, की झाकण घट्ट बसतं. माझं काम एवढंच. दिसायला मी काही देखणी नाही. रंग उडालाय, दांड्याची मूठ तर कितीदा बदलून झाली. पण मी लावलेलं झाकण आपणहून सुटलंय असं कधी झालं नाही, आणि ही काही बढाई नव्हे.

लोखंड वितळवून मला साच्यात ओतलं, घासलं, तासलं. एका कारागिरानं माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, एक झाकण दाबून पाहिलं आणि म्हणाला, "हं, टिकेल ही." त्या कौतुकावर मी आजवर जगत आले. मग दोन बहिणींनी मला विकत घेतलं आणि आपल्या घराच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या ओट्यावर चार बोल्ट मारून पक्कं बसवलं.

दोघी बहिणी संत्र्याचं सरबत करायच्या. थोरली रस काढून पाक करायची, धाकटी बाटल्या भरायची. थोरली कडक, बोलायला फटकळ. धाकटी हसरी, पण मनातलं मनात ठेवणारी. बाटली कुठली घ्यायची हे थोरलीनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

"तपकिरी काच," ती म्हणाली. "उजेडानं सरबताचा रंग उतरतो. आणि उकळतं ओतलं तरी काचेला काही होत नाही, आधी बाटली गरम करून घेतली की झालं."

उकळतं सरबत गळ्यापर्यंत भरायचं, लगेच माझ्याकडून झाकण दाबून घ्यायचं आणि बाटली आडवी करून ठेवायची. म्हणजे आतलं गरम सरबत झाकणाला खालून लागतं आणि तिथे काही बारीकसारीक जंतू असतील तर मरून जातात. याला त्या 'झोपवणं' म्हणायच्या. थोरली चुलीपाशी उभी राहून विचारायची, "झोपवली का गं सगळी बाळं?" आणि धाकटी म्हणायची, "झोपवली, ताई. अंगाई तेवढी म्हणायची राहिली." किती हसायच्या दोघी! ते माझे सोन्याचे दिवस होते, मित्रांनो. दुकानदार आमच्या बाटल्यांचं नाव काढायचे.

पण काच जड. भरलेली पेटी उचलायची म्हणजे खायचं काम नाही. वयाबरोबर थोरलीची कंबर गेली. पेटी उचलली की ती माझ्या ओट्याला धरून डोळे मिटून उभी राहायची. धाकटीनं एकदा "ताई, मी उचलते" म्हटलं, तर ती केवढ्यानं अंगावर आली! "मी काय म्हातारी झाले? तू तुझं काम बघ." त्यानंतर धाकटीनं तो विषय काढला नाही. पण तिचा जीव तुटायचा. थोरली खोलीबाहेर गेली की ती पटापट पेट्या उचलून दाराशी नेऊन ठेवायची, आणि थोरली आत आली की "हमाल येऊन गेला" असं सांगायची.

मग थोरली लेकीच्या बाळंतपणाला गेली. त्याच दिवसांत बाटल्या विकणारा आला. त्याच्याकडे पातळ प्लॅस्टिकच्या बाटल्या होत्या, आरपार दिसणाऱ्या, एका हातात पाचसहा मावतील अशा. धाकटीनं एक उचलून पाहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"ताईची कंबर वाचेल हो," ती त्याला म्हणाली. "तिला सांगू नका मात्र. मानणार नाही ती."

"सरबत गरम भरता की गार?" त्यानं विचारलं. माणूस सरळ होता. "गरम भरत असाल तर ही चालायची नाही, बाई."

धाकटीनं तरी एक गरम भरून पाहिली. बाटली जागच्या जागी आक्रसली. मग तिनं वेगळा मार्ग काढला. शाळेच्या खेळांच्या दिवसासाठी मोठी मागणी आली होती. तिनं ते सगळं सरबत रुंद पातेल्यांत ओतलं, वर स्वच्छ फडकं टाकलं, पंख्याखाली गार केलं आणि प्लॅस्टिकमध्ये भरलं. झाकणं फिरकीची, त्यामुळे माझी गरजच नव्हती. तुम्ही म्हणाल, हिच्या पोटात दुखतंय. थोडं दुखलंच. पण त्याहून जास्त मला भीती वाटत होती. गार होता होता उघड्या सरबतात काय काय पडतं ते फडक्याला थोडंच अडवता येतं? आणि गार सरबत झाकणाखालचं काय मारणार? वर त्या आरपार बाटल्या तिनं उन्हाच्या खिडकीत रांगेनं मांडल्या, रंग छान दिसतो म्हणून. मी ओरडत होते. लोखंडाचं ओरडणं ऐकतंय कोण?

सरबत आंबलं. शाळेतल्या मुलांना उलट्या झाल्या. संध्याकाळपर्यंत सगळी बरी झाली, देवाची कृपा, पण व्हायची ती नाचक्की झाली. बातमी ऐकून थोरली तडक परत आली. उरलेल्या बाटल्या फुगून टम्म झाल्या होत्या. तिनं एक उघडली, तर फस्सकन फेस तिच्या हातावर आला.

"लेकरांच्या तोंडात हे घातलंस?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त धडकी भरली. "दुकानदारांना हलकं हवं, दिसायला चकचकीत हवं, म्हणून?"

धाकटीनं माझ्या दांड्याला धरलं. आता सांगेल, मला वाटलं. पण कंबरेसाठी केलं म्हणायचं, म्हणजे दोष ताईच्याच पदरात टाकायचा. ते तिच्यानं झालं नाही.

"हो," ती म्हणाली.

थोरलीनं एक पेटी उचलली. नेहमीचं वजन धरून तिनं जोर लावला आणि पेटी इतकी हलकी निघाली की तिचाच तोल गेला. क्षणभर तिचा हात कंबरेवर थांबला. मी जीव मुठीत धरून बघत होते. आता कळेल हिला, आता कळेल! पण राग डोक्यात गेलेला. तिनं सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या, हात धुतले आणि लेकीकडे निघून गेली.

ती पुन्हा आली नाही.

धाकटीनं परत तपकिरी काच आणली. आता ती एकटीच उकळायची, एकटीच भरायची, एकटीच झोपवायची. गिऱ्हाईक थोडंच उरलं होतं. पण दरवर्षी पहिल्या सरबताची पहिली बाटली ती माझ्याकडून दाबून घ्यायची, पुसायची आणि फळीवर ठेवायची. "ताईची," म्हणायची. पाठवायची मात्र नाही. "तिचा राग जाऊ दे, मग पाठवू." पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दांड्यावर तिचा हात सैल पडत गेला, मला गंज चढत गेला.

मग एका दुपारी भाची आली, थोरलीची लेक. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "मावशी, आई गेली."

धाकटी रडली नाही. भाची आत आली, तिची नजर फळीकडे गेली.

"या कुणाच्या?"

"तुझ्या आईच्या." आणि मग इतकी वर्षं न सांगितलेलं तिनं सगळं सांगून टाकलं. कंबर, पेट्या, नसलेला हमाल, सगळं.

भाची मटकन खाली बसली. "मग बोलली का नाहीस गं कधी? दाराची कडी वाजली की आई म्हणायची, छोटी आली का बघ."

धाकटीनं तेव्हा जो हंबरडा फोडला, तो मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

मित्रांनो, त्या फळीवरच्या बाटल्या मी रोज बघते. काच शाबूत आहे. माझी झाकणं शाबूत आहेत. पण जुन्या बाटल्यांतलं सरबत काळं पडलंय. चांगल्यात चांगल्या बाटलीलाही याहून जास्त जमत नाही. तेव्हा खायचं-प्यायचं कशात भरायचं ते नीट पारखून घ्या. नुसतं हलकं आणि देखणं बघू नका. आत काय जाणार, गरम की गार, उन्हात राहणार की सावलीत, हे आधी विचारा. आणि कुणासाठी काही भरून ठेवलं असेल, तर त्याचा राग जायची वाट बघत बसू नका. आजच नेऊन द्या. मला पाय असते ना, तर पहिलीच बाटली मी नेऊन दिली असती.