आक्काकडच्या तिकिटाचे पॉइंट

मी डेबिट कार्ड बोलतोय. आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या. सगळा जन्म पाकिटात गेला आणि हल्ली मुक्काम एका पर्सच्या आतल्या कप्प्यात असतो. तुम्ही शहाणी माणसं, तेव्हा माझ्या डोक्यातला एक गुंता सोडवून द्या. मी पुष्कळ ओढून पाहिला, पण तो आणखीच आवळत चाललाय.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला म्हणे. प्लॅस्टिकच्या मोठ्या पत्र्यातून आम्ही भावंडं एका दमात कापून निघालो, प्रत्येकाच्या अंगात चिप बसली, नाव उमटलं, आणि मी टपालानं एका शिंप्याच्या दुकानात येऊन पडलो. जन्म कात्रीतून झाला आणि नशिबी घरही कात्रीचंच आलं.

माझ्या मालकांना सगळे मास्तर म्हणतात. कापड बेतण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. दुसऱ्याला जिथे अडीच मीटर लागतं, तिथे ते सव्वादोनात भागवतात आणि उरलेल्या तुकड्यातून गिऱ्हाइकाला खिसा काढून देतात. त्यांची बायको खिडकीपाशी बसून काज-बटणं आणि हातशिलाई करते. गिऱ्हाइकं तिला काकू म्हणतात, म्हणून माझ्याही तोंडी तेच बसलंय.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. किराणा, दोरे, अस्तर, विजेचं बिल, सगळं माझ्यावरच. मला मशीनमध्ये घातलं की खात्यातले पैसे तिथल्या तिथे कमी व्हायचे. रोकडा मामला. बदल्यात बँक कधीमधी एखादा पॉइंट टेकवायची, पण त्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मीसुद्धा नाही.

मग एक दिवस बँकेतला एक माणूस कोट सैल करून घ्यायला आला आणि जाताना मास्तरांच्या गळ्यात क्रेडिट कार्ड मारून गेला. ते माझ्या शेजारच्या कप्प्यात येऊन बसलं. काळंकुळकुळीत अंग, वर सोनेरी अक्षरं. आल्या आल्या त्याच्या नावावर स्वागताचे म्हणून पॉइंट जमा! मी इतकी वर्षं राबलो, माझं स्वागत कुणी केलं होतं? माझा जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू.

त्याच सुमाराला आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे काकूंची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच काकूंची वेणी घातली, सुईत दोरा ओवायला शिकवलं, शाळेत नेऊन सोडलं. आता ती फार लांबच्या गावी राहते. विमानानं गेलं तर सकाळी निघून दुपारी पोचता येतं. नाहीतर गाड्या बदलत दोन दिवसांची रखडपट्टी, आणि काकूंच्या पाठीला ती सोसत नाही. आक्काच्या डोळ्यांचा आतला पडदा खराब होत चालला होता. औषधानं जरा लांबेल, पण नजर जाणार हे नक्की, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. फोनवर ती काकूंना म्हणाली, "दिसतंय तोवर ये गं. एकदा तुला नीट बघून घेऊ दे."

काकू फोन ठेवून रडल्या. मास्तरांचेही डोळे भरले. आणि त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की विमानाचं तिकीट आपण कार्डाचे पॉइंट साठवून त्यांच्या बदल्यात काढायचं. काकूंनी म्हटलं, पैसे आहेत की खात्यात. पण मास्तर म्हणाले, चालून आलेलं फुकट कशाला घालवा?

मास्तर कंजूष नाहीत हो. गैरसमज करून घेऊ नका. त्यांना कापड आणि पैसा वाया गेलेला बघवत नाही, एवढंच.

तेव्हापासून आम्हां दोघांची तुलना सुरू झाली. दुकान बंद केलं की मास्तर बेतायच्या टेबलावर खडूनं रेघ मारायचे. डावीकडे मी, उजवीकडे ते. किराण्याला क्रेडिट कार्ड भरपूर पॉइंट द्यायचं, तिथे मी चीत. पेट्रोलवर ते काहीच द्यायचं नाही, तिथे माझी सरशी. दुकानाचं भाडं त्याच्यावर भरलं तर वर आकार पडायचा, म्हणून ते माझ्याकडे. दोऱ्यांचा ठोक व्यापारी माझ्यावर सूट द्यायचा, त्याच्यावर नाही. शिवाय त्याची वर्षाची फी वजा करा. बिलाची तारीख चुकली तर व्याज सगळे पॉइंट खाऊन ढेकर देणार, तेही धरा. रात्री मी श्रेष्ठ ठरायचो, सकाळी चहाच्या वेळी ते. मला तर स्वतःची किंमतच कळेनाशी झाली.

एकदा तर टेबलावर पसरलेल्या अस्तरावर तो खडूचा हिशोब उमटला आणि तसाच कोटात शिवला गेला. गिऱ्हाईक कोट उलटा करून विचारत होतं, की हे आकडे कसले? मास्तर म्हणाले, मापं आहेत.

वाण्याकडे रांगेत आमची वेगळीच परवड. मास्तर मला अर्धं बाहेर काढायचे, विचार करायचे, आत ढकलायचे. साबण एकावर, बटाटे दुसऱ्यावर. मागची माणसं चुळबुळ करायची. काकू मुकाट्यानं पिशवी धरून उभ्या असायच्या. आक्काचा फोन आला की सांगायच्या, येतेय, लवकरच येतेय. आधी आक्का म्हणायची, अक्षरं वाचता येत नाहीत आता. मग म्हणाली, माणसं धुरकट दिसतात.

आणि एक दिवस पॉइंट भरले! बरोबर एका तिकिटापुरते. काकूंनी हातातली सुई खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, काढा ना आता."

मास्तरांनी मान हलवली. "काठोकाठ आहेत. ऐनवेळी भाडं वाढलं तर? थोडी माया हवी."

शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. कपडा पुढे आखूड झाला तर उसवून वाढवता येतो. मास्तरांनी उभ्या जन्मात माया न सोडता एक शिवण मारलेली नाही. मलाही त्यांचं पटलं. मला काय, त्यांचं सगळंच पटतं.

ते थोडे जास्तीचे पॉइंट गोळा होईपर्यंत महिना संपला, आणि सुरुवातीला मिळालेले स्वागताचे पॉइंट मुदत संपली म्हणून गेले. मास्तरांनी फोनवरचा निरोप पुन्हा पुन्हा वाचला आणि स्टुलावर बसले. पॉइंटांनाही मुदत असते, हे बारीक अक्षरात लिहिलेलं त्यांनी वाचलंच नव्हतं.

काकू भांडल्या नाहीत. उठल्या, मास्तरांचं पाकीट उघडलं आणि मला बाहेर काढलं. मास्तर घाईनं म्हणाले, अगं, त्याच्यावर फारसं काही मिळत नाही, थोडं थांब, पुन्हा जमवू.

"मला आक्काकडे जायचंय," काकू म्हणाल्या. "मला काही मिळायला नकोय."

शेजारच्या गाळ्यात तिकिटं काढून देणारी बाई बसते. तिच्या मशीनमध्ये काकूंनी मला घातलं, आकडे दाबले, आणि झालं. इतके महिने ज्याच्यासाठी घर ताटकळलं, ते चहा निवायच्या आत उरकलं. मी गोंधळलो, पण तेव्हा छाती फुगलीच माझी.

आक्काच्या दारात काकू मला ठेवलेली पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. दार आक्कानंच उघडलं. ती हसली, पण काकूंच्या खांद्याच्या जरा बाजूला बघून हसली. मग हात पुढे करून तिनं काकूंच्या बाहीचं कापड चाचपलं.

"कुठला रंग घातलायस गं?"

"निळा," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मग छान दिसत असशील," आक्का म्हणाली, आणि काकूंचा चेहरा दोन्ही हातांत धरून बराच वेळ बोटांनी बघत राहिली.

संध्याकाळी काकूंनी मास्तरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. आक्काला उजेड-अंधार तेवढा कळतो, म्हणाल्या. पलीकडून मास्तर रडत म्हणाले, "हिशोब तर बरोबर होता गं माझा."

होता की. तोच तर माझा गुंता आहे. मी रोज त्या टेबलावर पडून तो हिशोब पाहिलाय. त्यात बेरीज चुकलेली नव्हती, वजाबाकी चुकलेली नव्हती. मग चुकलं कुठे? आक्काचे ते महिने माझ्या बाजूला मांडायचे होते की त्याच्या?

त्या तिकिटावर मलाही थोडे पॉइंट मिळाले. काकूंना माहीत आहे, पण त्या ते वापरत नाहीत. आता माझीही मुदत संपत आलीय. नवं कार्ड येईल आणि मास्तर मला दोन तुकड्यांत कापतील. त्यांचा हात सफाईदार आहे, दुखणार नाही. जाण्याआधी एवढंच मागणं आहे. तुमचीही कुणी वाट बघत असेल, तर पाकिटातलं हाताला लागेल ते कार्ड काढा आणि निघा. दोघांत चांगलं कुठलं, ते मात्र मला विचारू नका. मला अजून कळलेलं नाही.