शहाणी केलेली करंगळी

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी अंतराळवीर लॉइड केसलरने उजवा हातमोजा काढला. करंगळीचं नख काळंनिळं पडलं होतं.

अमेरिकेतल्या डोव्हरच्या कारखान्यात त्या दिवशी त्याच्या चांद्रपोशाखाची चाचणी होती. पोशाखात हवा भरून तो तासभर हातोडी आणि चिमटा हाताळत होता. आत हवा भरली की हातमोजा फुगून टणक होतो. प्रत्येक वेळी मूठ वळताना चेंडू दाबल्यासारखा जोर लावावा लागतो. त्यामुळे बोटं दुखणार हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. पण डावा हात ठीक होता आणि उजव्याचीही बाकीची बोटं ठीक होती.

"एमेट, मला मोजा माझाच घातलात ना?" केसलरने विचारलं.

"आत नाव आहे तुमचं," हातमोजे आखणारा एमेट हिचेन्स म्हणाला.

"मग नाव माझं आणि करंगळी दुसऱ्या कुणाची तरी."

एमेट हसला नाही. मोजा उलटून तो शिवणी चाचपू लागला.

वर्ना लॉफलंड भिंतीशी उभी होती. साच्यांचं काम तिच्याकडे होतं, म्हणून तिला बोलावलं होतं. केसलरचा हात ती पहिल्यांदाच बघत होती. एरवी या माणसांचे हात तिच्याकडे ह्यूस्टनच्या अंतराळ केंद्रातून प्लास्टरमध्ये उतरवून, भुशाच्या पेटीतून येत. त्यांच्या तोंडांपेक्षा तिला त्यांचे तळवे जास्त ओळखीचे होते. केसलरची करंगळी मधल्या सांध्यात बाहेरच्या अंगाला वाकलेली होती आणि तिथे हाडाचा टेंगूळ आला होता. तिच्या कपाटातल्या साच्याची करंगळी सरळ होती.

चंद्राचं काम येण्याआधी वर्ना याच कारखान्यात भांडी घासायच्या रबरी मोज्यांचे साचे घासायची. साचा पातळ रबरात पुन्हा पुन्हा बुडवायचा, वाळवायचा आणि वर धरलेली साय अलगद सोलून काढायची. चंद्राच्या मोज्याचं सगळ्यात आतलं, हवा धरून ठेवणारं कातडंही तसंच निघे. साच्यावर उंचवटा असला की रबर त्यावरून ओघळतं आणि तिथेच पातळ राहतं. म्हणून उंचवटा दिसला की कानस लावायची. याला त्या खोलीत साचा शहाणा करणं म्हणत. केसलरच्या करंगळीवरचा टेंगूळ तिला प्लास्टर सरकल्याची खूण वाटला होता.

"ते माझ्याकडून झालंय," ती म्हणाली. "मी ते बोट शहाणं केलं."

"काय केलंत?" केसलरने विचारलं.

तिने सांगितलं. मग केसलर स्वतःच्या करंगळीकडे बघत म्हणाला, "शाळेत बेसबॉल लागला होता. आईने दोन महिने फळीला बांधून ठेवली, तरी सरळ झाली नाही. तुम्ही एका दुपारी केलीत, बाई."

"बाई म्हणू नका, वर्ना म्हणा. आणि हात पुढे करा, नवा साचा घेते."

"थांब, वर्ना," एमेट म्हणाला. "नव्या साच्यावर टेंगूळ येणार. टेंगळावर रबर पातळ होणार. मग?"

हाच प्रश्न होता. सरळ साचा ठेवला तर बोट चेचलं जाणार, आणि चंद्रावर दुखऱ्या हाताने माणूस हातोडी सोडतो. वाकडा साचा घेतला तर नेमक्या वाकणाऱ्या जागी कातडं पातळ, आणि तिथून हवा गेली तर बोटाच्या दुखण्याची चर्चा करायला कुणी उरणार नाही.

"सरळच ठेवून घेर वाढवला तर?" एमेटने विचारलं.

"मग बोट आत खुळखुळेल, टोकाला काही कळणार नाही," केसलर म्हणाला. "दगड उचलला की नुसती हवा, तेही समजायचं नाही. वाकडाच करा."

साचा त्याच दुपारी घेतला. वर्नाने आपली कानस शेजारच्या टेबलावरच्या डॉट पासवॉटर्सकडे दिली.

"माझ्याकडे कशाला?" डॉटने विचारलं.

"माझा हात त्याच्यावर आपोआप जातो गं."

"मग कानस कशाला, हातच दे इकडे, बांधून ठेवते."

टेंगळावर रबर पातळच बसलं. वर्नाने साचा उलटा धरून वाळवला, तेव्हा थोडं जमलं. एमेटने त्या जागी आतून विणलेल्या नायलॉनची चिंचोळी पट्टी बसवली. पट्टीने बोट वळायला जड झालं. एमेटने ती काढली, दुसऱ्या दिवशी अर्धी करून पुन्हा बसवली. हवेच्या चाचणीत मोजा टिकला. केसलरने मूठ वळून बघितली आणि म्हणाला, "करंगळी पुन्हा वेडी झाली, बरं वाटलं." चाचणी तासाभराची होती. चंद्रावर त्याला त्याहून बराच जास्त वेळ बाहेर राहायचं होतं, हे वर्नाला ठाऊक होतं.

केसलर चंद्रावर उतरला, तेव्हा कारखान्याच्या खाणावळीत टीव्ही लावला होता. चिकन आणि डंपलिंगच्या ताटल्या तशाच निवत होत्या. पडद्यावर धुरकट पांढरी आकृती वाकली आणि हातोडी चालवू लागली. वर्ना फक्त उजवा हात बघत होती. बऱ्याच वेळाने आकृतीने हातोडी डाव्या हातात घेतली.

"बघ, बदलली," वर्ना म्हणाली.

"अगं, दगड त्या बाजूला असेल," डॉट म्हणाली.

हातोडी पुन्हा उजव्या हातात गेल्याचं त्या दिवशी दिसलं नाही.

केसलर आणि त्याचे दोन सोबती सुखरूप परतले आहेत. चंद्रावरून काही रोगराई आली नसल्याची खात्री होईपर्यंत त्यांना काचेमागे ठेवलं आहे. पोशाख आणि हातमोजे सीलबंद पेट्यांत आहेत. पेट्या कधी उघडणार, हे एमेटने ह्यूस्टनला फोन करून विचारलं. उघडल्यावर कळवू, असं उत्तर मिळालं.

कालच्या वर्तमानपत्रात काचेमागच्या केसलरचा फोटो आला आहे. तो हसतो आहे आणि डावा हात हलवतो आहे. उजवा हात खिशात आहे.